काच न लावलेलं विमान

“बाजा बंद! अरे ओ भिया, बाजा बंद करवाओ, दस मिनट!”

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बनियन-लेंगा घातलेला, कपाळावर भिंग बांधलेला एक म्हातारा ओरडत होता आणि खाली देवासची एक अख्खी वरात थबकली होती. ढोलवाल्याचा हात हवेतच राहिला. बँडमास्तरने टोपी मागे सारून वर बघितलं.

“बाबूजी, दूल्हा घोड़ी पे है.”

“तो बैठने दो. उसको कौन उतार रहा है? इधर गोंद गीला है, तुम्हारे ढोल से पंख हिल रहा है.”

“किसका पंख?”

“विमान का.”

तुम्हाला खोटं वाटेल, पण सगळ्या वरातीने एकदम आभाळाकडे बघितलं. नवरदेवानेसुद्धा सेहरा बाजूला सारून बघितलं. वर टेकडीवरच्या देवीच्या देवळाचा झेंडा तेवढा दिसत होता. मग कोणीतरी म्हणालं, “अरे, फौजी काका है, रुक जाओ यार,” आणि वरात खरोखर थांबली. अकरा मिनिटं. घोडी उभ्या उभ्या झोपली. मुलीकडच्यांचे तीन फोन आले. बाराव्या मिनिटाला काका पुन्हा गॅलरीत आले, हात वर करून म्हणाले, “जाओ, खूब बजाओ.” त्या जोडप्याला आता दोन मुलं आहेत आणि थोरला म्हणे दिसेल त्या गच्चीवरून उडी मारतो. यातलं थोडं मी वाढवलं असेन. अकरा मिनिटं मात्र खरी आहेत, मी घड्याळ लावून मोजली होती.

हे काका माझे घरमालक. मी तेव्हा औषधाच्या कंपनीचा प्रतिनिधी म्हणून देवासला होतो. म्हणजे दिवसभर डॉक्टरांच्या दारात बसायचं आणि आत गेल्यावर दीड मिनिटात सांगायचं की आमच्या गोळीने मेलेला माणूस उठून शेव मागतो. धंदाच बोलण्याचा, त्यामुळे माझ्या प्रत्येक गोष्टीला दोन पदरी वाढ असते. काकांना हे पहिल्या आठवड्यातच कळलं. मी काही सांगायला लागलो की ते भिंग वर न करता विचारायचे, “यातलं निम्मं किती?” मी प्रामाणिकपणे निम्मं सांगायचो. मग ते म्हणायचे, “आता त्याचं निम्मं.”

खोली मिळण्याचीही गंमत आहे. माझ्याआधी आलेल्या भाडेकरूंना म्हणे तासभर प्रश्न विचारले होते. रात्री किती वाजता येता, अंडी खाता का, मित्र किती. मला एकच विचारलं.

“गाव?”

“धार.”

काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग काकूंना हाक मारून म्हणाले, “अहो, चहा टाका. हे धारचे आहेत.” मला वाटलं, माझ्या गावाचा काय हा दरारा. भोज राजाच्या वेळेनंतर धारच्या नावाने एवढं काम कोणाचंच झालं नसेल. खरं कारण कळायला मला दीड वर्ष लागलं.

काका तरुणपणी वायुदलात होते. उडवणारे नाहीत, उडायला लावणारे. पायलटला शिडीवरून वर चढवायचं, खुर्चीत बसवून पट्टे आवळायचे, शिडी काढायची आणि बाजूला उभं राहून विमान धावपट्टीकडे जाताना बघायचं, हे त्यांचं काम. तिथून निवृत्त होऊन ते देवासच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर झाले, तिथूनही निवृत्त झाले, आणि मग त्यांच्या पुतण्याने त्यांना वाढदिवसाला एक खोका दिला. आत प्लास्टिकचं जेट विमान, तुकड्यातुकड्यांत. खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं, जोडल्यावर जेमतेम फूटभर. शहाण्या माणसाने रविवारी सकाळी बसावं, संध्याकाळी रंगवावं आणि सोमवारी शोकेसमध्ये ठेवून मोकळं व्हावं. मी राहायला गेलो तेव्हा काकांच्या त्या खोक्याला सातवं वर्ष लागलं होतं.

कारण खोक्यात जे होतं ते त्यांना पुरेना. खोक्यातली खुर्ची त्यांनी बघितली आणि “ही न्हाव्याची आहे” म्हणून बाजूला ठेवली. नवी खुर्ची स्वतः कोरली, सुपारीएवढी. तिच्या पट्ट्यांसाठी माझ्या गोळ्यांच्या पाकिटांची चांदी लागली. गोळ्या डॉक्टरांकडे जायच्या आणि रिकामी पाकिटं काकांकडे. विमानाच्या नाकापुढे निघणारी हवेचा वेग मोजायची नळी म्हणून माझ्याचकडची इन्सुलिनची सुई. चाकांच्या खोबणीत जुन्या टेलिफोनच्या वायरीतले तांब्याचे केस काढून पाइप बसवले होते. इतके पाइप, की देवासच्या नळयोजनेला तेवढे मिळाले असते तर उन्हाळ्यात टँकर दिसला नसता. डाव्या पंखावर बुटाच्या टाचेने पडलेला एक ओरखडा होता, तोही त्यांनी मुद्दाम केलेला. शिडीच्या चौथ्या पायरीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, कारण खऱ्या शिडीची ती पायरी निसटायची.

एकदा मी विचारलं, “काका, पायलटच्या डोक्यावरची काच बसवली की यातलं कोणाला काय दिसणार?”

“कोणाला दिसावं म्हणून करत नाही.”

“मग?”

“मला दिसतं का, ते बघतोय.”

मला वाटलं, चष्म्याबद्दल बोलतायत.

घरात त्यांची एक पद्धत होती, ती आधी सांगायला हवी. काही केलं की दाखवायचं. काकूंनी गॅस बंद केला की बाहेर येऊन अंगठा दाखवायचा. कुलूप लावलं की किल्ली समोरच्याच्या डोळ्यांपुढे धरायची आणि समोरच्याने मोठ्याने म्हणायचं, “बघितली.” नुसतं “हो” म्हटलेलं चालायचं नाही. दूधवाला दूध ओतून झाल्यावर रिकामं माप उलटं करून दाखवायचा. तो बिचारा पिपलरावां गावाहून पहाटे येणारा माणूस, पण एवढा तयार झाला होता की इतर घरांतही माप उलटं करून उभा राहायचा, आणि बायका म्हणायच्या, “भैया, ये क्या नाटक है?” मी सकाळी बॅग घेऊन निघालो की जिन्यात थांबून किल्ली वर धरायचो. वरून आवाज यायचा, “बघितली.” लग्न झाल्यावर मी हेच माझ्या बायकोपुढे केलं, तेव्हा तिने माहेरी फोन लावला.

मग एका रविवारी काकांनी विचारलं, “धारला जाणार असाल तर मला न्याल का? आता एकट्याने जायला जमत नाही.”

आम्ही सकाळची बस धरली. इंदूरला बदलली. काकांच्या मांडीवर केकचा रिकामा खोका, त्यात कापसावर विमान. धारच्या बसमध्ये समोरच्या बाईंनी विचारलं, “किसका बड्डे है, अंकल?”

काका म्हणाले, “बड्डे नहीं है.”

“फिर?”

“उल्टा है.”

बाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. आणि त्या बसमध्ये, घाटाबिल्लोदच्या पुढे, आयुष्यात पहिल्यांदा काका माझ्याशी पाच वाक्यांपेक्षा जास्त बोलले.

लढाऊ विमानातली खुर्ची म्हणे साधी नसते. संकट आलं की पायलट दांडी ओढतो आणि खुर्चीच त्याला घेऊन बाहेर उडते. पण जमिनीवर कोणाच्या धक्क्याने उडू नये म्हणून तिला पिना लावलेल्या असतात, लाल फिती बांधलेल्या. उड्डाणाच्या आधी शिडीवरच्या माणसाने त्या काढायच्या, पायलटच्या डोळ्यांपुढे धरून मोजायच्या, एक, दोन, तीन, आणि पायलटने अंगठा दाखवायचा. मग त्या तिथेच कॉकपिटमधल्या एका कप्प्यात ठेवायच्या. पिना राहिल्या तर खुर्ची उडत नाही.

“एका सकाळी मी एकाला बसवलं,” काका म्हणाले. “आपल्या धारचा मुलगा होता. मराठी. मला ‘भाऊ’ म्हणायचा. विमान वर गेलं आणि सहा मिनिटांनी शेतात पडलं. इंजिनात काही झालं होतं, ते चौकशीत निघालं. पण तो बाहेर आला नाही.”

“पिना?”

“काढल्या असतील तर कप्प्यात होत्या. नसतील काढल्या तर खुर्चीत होत्या. दोन्हीकडून त्याच्याबरोबरच गेल्या. खड्ड्यातून जे वर काढलं त्यात काही ओळखू येत नव्हतं.”

“तुम्ही काढल्या असणारच ना, काका. रोजचं काम.”

“तेच. रोजचं काम. मला पिना काढलेल्या आठवतात, मोजलेल्या आठवतात, त्याचा अंगठा आठवतो. पण तो आदल्या दिवशीचा आहे की त्या दिवशीचा, ते कळत नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा मी ‘काढल्या’ म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं.” मग खोक्यावर हात ठेवून म्हणाले, “त्या सकाळचं जे जे आठवतं ते यात घालतो. ओरखडा त्या सकाळचा आहे. चिकटपट्टी आदल्या संध्याकाळी लावली होती. सगळं जागेवर बसलं तर तेही दिसेल असं वाटतं.”

आता कळलं, काच का लागत नव्हती. काच लावायची तर पिना खुर्चीत लावायच्या की काढून कप्प्यात ठेवायच्या, हे ठरवावं लागणार होतं. पिना तयार होत्या. फ्यूजच्या तारेच्या, मुंगीच्या पायाएवढ्या, त्यांना काकूंच्या बागप्रिंटच्या जुन्या ओढणीतला लाल धागा. काड्यापेटीत ठेवलेल्या असायच्या.

धारला त्या मुलाची थोरली बहीण राहायची. निवृत्त मुख्याध्यापिका, सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं. काका वर्षातून एकदा त्यांच्याकडे जायचे, ही माझ्यासाठी नवी बातमी होती. आक्कांनी दारातच ओळखलं. “या, भाऊ. यंदा सोबत आहे वाटतं.” मला म्हणाल्या, “आपण कुणाकडले?” मी सांगितलं. त्यांनी माझ्या आजोबांपर्यंत सगळे नावानिशी मोजले आणि मगच बसायला खुर्ची दिली. सूनबाईंनी पोहे आणले. आक्कांचा नातू येऊन विमान बघून गेला, “सॉलिड है यार” म्हणाला. आक्कांनी स्वतः ते बराच वेळ बघितलं, हात न लावता.

“इथे बसायचा का बाळ?”

“हो.”

“अगदीच अडचणीचं आहे हो. पाय कुठे ठेवायचा?”

काकांनी बोटाने दाखवलं. मग त्यांनी त्या वर्षीचा प्रश्न विचारला. दर वर्षी एकच प्रश्न घेऊन जायचे म्हणे. “आक्का, तो डावखुरा होता का?”

“होता. मारून मारून उजव्या हाताने लिहायला लावलं आमच्या बाबांनी. का हो?”

“मला अंगठा उजव्या हाताचा आठवतो.”

आक्कांना त्याचा अर्थ कळला नसावा. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “मीही एक विचारू? दर वर्षी विचारीन म्हणते आणि राहतं. त्या सकाळी त्याने काही खाल्लं होतं का?”

मी काकांकडे बघितलं. मनात म्हटलं, अरे, सांग ना. दोन वाट्या शिरा, वर केळं, आणि म्हणाला, घरच्यासारखा झालाय. काय जातंय तुझं? बहात्तर वर्षांची बाई, आईच्या मायेने वाढवलेला भाऊ. मी असतो तर त्या शिऱ्यात बेदाणे घातले असते.

काका म्हणाले, “मला माहीत नाही.”

आक्कांनी मान हलवली. “असू दे. पोहे गार होतायत तुमचे.”

परतीच्या बसमध्ये मी भांडलो. “काका, हो म्हणायला काय पैसे पडत होते?”

“मला माहीत नव्हतं.”

“त्यांना तरी कुठे माहीत होतं.”

“म्हणून तर विचारलं त्यांनी.”

पुढे इंदूर येईपर्यंत आम्ही बोललो नाही. माझ्यासाठी हा विक्रम आहे.

त्या पावसाळ्यानंतर काकांना डेंग्यू झाला. प्लेटलेटचा आकडा असा उतरला की डॉक्टर माझ्याशी औषधाच्या कमिशनबद्दल बोलायचे थांबले. काकू एक दिवस, मी एक दिवस, असे आम्ही इस्पितळात बसत होतो. एका दुपारी ताप डोक्यात गेला आणि काका बडबडायला लागले. काय बडबडले ते खरं सांगतो. टाकीचा कॉक बंद करा म्हणाले. चार वेळा. मग कारखान्यातल्या कुठल्याशा बोल्टचा नंबर सांगितला आणि झोपले.

दहा दिवसांनी घरी आले. अंगावरचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. आल्या आल्या टेबलाशी बसले, भिंग बांधलं आणि नुसतेच बसून राहिले. मी समोर स्टूल ओढलं. सांगतो ते ऐका, हे मी आयुष्यात सर्वांत मेहनतीने बोललेलं खोटं आहे.

“काका, तुम्ही तापात बोललात.”

“काय?”

“मला नीट कळलं नाही. तुम्ही म्हणालात, चौथी पायरी सांभाळा. मग म्हणालात, एक. दोन. तीन. मग म्हणालात, बघितल्या का साहेब. आणि मग तुम्हीच दुसऱ्या आवाजात म्हणालात, बघितल्या, भाऊ, टाच लागली पंखाला, रागावू नका.”

ओरखडा त्या सकाळचा होता. टाचेचा. पिना आणि ओरखडा मी एका वाक्यात बांधले होते, आणि ही गाठ कशी पडली याचा मला आतून मोठा अभिमान वाटत होता.

काकांनी भिंग वर सारलं. मग विचारलं, “अंगठा कुठल्या हाताचा?”

जिभेवर आलं होतं, डाव्या. पण सगळंच ठाऊक असलेला साक्षीदार कोणाला खरा वाटत नाही, एवढं मला धंद्याने शिकवलं होतं. म्हटलं, “ते नाही बोललात.”

“बरं,” काका म्हणाले. निम्मं किती, ते त्यांनी या वेळी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी माझी बदली झाली. सामान भरायला टेम्पो दारात उभा होता तेव्हा मी वर निरोप घ्यायला गेलो. टेबलावर विमान होतं आणि त्याला काच लावलेली होती. पक्की, गोंदाने. मी वाकून बघितलं. खुर्ची दिसत होती, चांदीचे पट्टे दिसत होते, लाल काही दिसत नव्हतं. मला रडूच फुटायचं बाकी होतं. म्हटलं, “झालं, काका?” ते म्हणाले, “झालं.” मी किल्ली वर धरली, त्यांच्या हातात दिली, आणि त्यांनी मोठ्याने “बघितली” म्हटलं.

त्यानंतर सहा वर्षं मी ही गोष्ट जिथे जाईन तिथे मनातल्या मनात मिरवली. औषधं विकली ती विकली, पण एका माणसाचं चाळीस वर्षांचं दुखणं मी नुसत्या बोलण्याने उतरवलं. कधी कोणाला सांगितलं नाही, आणि मी सांगितलं नाही म्हणजे बघा.

गेल्या थंडीत काका गेल्याचा फोन आला. मी तेराव्यानंतर गेलो. काकू खाली, माझ्याच जुन्या खोलीत राहायला आल्या होत्या, जिना चढवत नाही म्हणून. विमान कपाटावर होतं, प्लास्टिकच्या पिशवीत. वरात थांबली होती त्याची आठवण काढून आम्ही थोडे हसलो. काकूंनी चहा केला. मग मला राहवेना. म्हटलं, काकू, एक कबूल करायचंय. आणि सगळं सांगितलं. टाकीचा कॉक, बोल्टचा नंबर, आणि मी त्याचं काय केलं ते.

काकूंनी ऐकून घेतलं. बशी खाली ठेवली.

“तुमचं त्यांना पटलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याच दिवशी म्हणाले, मुलगा चांगला आहे, पण बोलतो फार.”

“मग काच कशी लावली? पिना तर बाहेर काढल्यात त्यांनी. मी बघितलंय, काकू. आत लाल काही नाही.”

“बाहेर कुठल्या काढतात. खुर्चीत लावायलाच बसले होते. म्हणाले, आठवत नाही म्हणजे राहिल्याच असतील, आता तसंच करतो. पण तापानंतर डोळे अधू झाले होते त्यांचे, हातही हलायचा. काड्यापेटी उघडली आणि तिन्ही खाली सांडल्या. दोघांनी दोन दिवस शोधल्या. मी टॉर्च धरला, ते जमिनीला गाल लावून बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, राहू दे, आणि काच लावून टाकली.”

मी विचारलं, “मग सापडल्याच नाहीत?”

“नाही,” काकू म्हणाल्या. “केरात गेल्या असतील.”